टाके निघाल्यानंतरचे दिवस: मेंदूत गाठ झालेल्या मुलांच्या सीमाभागातील पालकांसाठी

खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीकडच्या खेड्यात मूल सकाळी उठल्याबरोबर डोके धरून बसते, उलटी झाल्यावर थोडे मोकळे होते आणि दुपारी पुन्हा खेळू लागते. त्यामुळे पित्त, जंत, चष्म्याचा नंबर असे एकेक निदान होत आठवडे निघून जातात. सकाळची डोकेदुखी व उलटी वारंवार होत असेल, मूल चालताना झोकांड्या खात असेल, मान एका बाजूला कलती ठेवत असेल, नव्याने तिरळे बघू लागले असेल किंवा तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने वाढत असेल, तर डॉक्टरांना मेंदूच्या एमआरआयविषयी स्पष्ट शब्दांत विचारावे. मूल गुंगीत जात असेल किंवा पहिल्यांदाच झटका आला असेल, तर एमआरआयची तारीख मिळण्याची वाट न पाहता न्यूरोसर्जन असलेले रुग्णालय गाठावे. नवस बोलायला हरकत नाही. मात्र तो फेडायला जाण्यासाठी तपासणीची तारीख पुढे ढकलू नये.

गाठीमुळे मेंदूतील पाण्याचा मार्ग अडला असेल, तर पहिली शस्त्रक्रिया बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूर, जिथे लवकर होईल तिथे करून घ्यावी. त्या घडीला मोठ्या शहराचा आग्रह धरण्यात अर्थ नसतो. खरी निवड त्यानंतर करायची असते, आणि आपल्याकडची कुटुंबे नेमकी तिथेच मागे पडतात. टाके निघतात, मूल हसू लागते, पाहुणे भेटून जातात आणि ‘गाठ काढली, सुटलो’ असे सगळ्यांना वाटते. काही गाठींच्या बाबतीत ते खरेही असते: हळू वाढणारा पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा पूर्ण निघाला, तर बहुधा पुढे ठरावीक काळाने एमआरआय करत राहणे पुरते. मेड्युलोब्लास्टोमात, म्हणजे लहान मेंदूतल्या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीत, मात्र थोड्या मोठ्या मुलांना शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हावे लागते, कारण उशीर झाला की रोग परतण्याचा धोका वाढतो. तीन वर्षांखालील मुलांचे रेडिएशन शक्यतो टाळून आधी केमोथेरपी देतात. यांपैकी आपल्या मुलाला काय लागू आहे हे गाठीच्या तपासणीच्या अहवालावरूनच कळते. म्हणून अहवाल हातात पडेपर्यंत कोणतेच समाधान खरे मानू नये.

घरी सोडण्याच्या दिवशी शस्त्रक्रियेचा तपशील, शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या एमआरआयच्या सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि गाठीचे ब्लॉक व स्लाइड (मेणात जपलेला गाठीचा तुकडा आणि त्याचे काचपट्टीवरचे काप) कधी व कुठून मिळतील याची लेखी माहिती मागून घ्यावी. मोठ्या केंद्रात गाठ पुन्हा तपासतात आणि त्यासाठी केवळ अहवालाची झेरॉक्स चालत नाही. ब्लॉक आणण्यासाठी मुंबईहून परत बेळगावला यावे लागले, तर आठवडा सहज जातो.

पुढचे उपचार कुठे घ्यायचे? बेंगळुरूत किदवाई ही कर्करोग संस्था आहे. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय आणि खारघरचे त्याचेच ॲक्ट्रेक केंद्र आहे, जिथे प्रोटॉन उपचारही (आजूबाजूच्या निरोगी भागाला कमी झळ पोहोचवणारे रेडिएशन) होतात. हुबळीच्या नवनगरमध्येही कर्करोग रुग्णालय आहे. मात्र मुलांच्या मेंदूच्या गाठींचा अनुभव असलेली तुकडी तिथे आहे का, हे आधी विचारावे. माझ्या मते केंद्राच्या नावापेक्षा आईवडिलांपैकी एकाला सलग दोन महिने कुठे राहता येईल, हा प्रश्न मोठा आहे. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालते आणि लहान मुलाला रोज उपाशीपोटी भूल द्यावी लागते. टाटाच्या रुग्णांना मराठीत बोलता येते, ही आपल्या लोकांना मोठी सोय वाटते. परंतु कर्नाटकातील आरोग्य योजनेचे कार्ड तिथे कितपत चालेल, हे निघण्यापूर्वीच पक्के करावे. मुंबईत उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत निवासस्थाने आहेत. त्यांची चौकशी रुग्णालयातील समाजसेवकाकडे करावी.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत मदत मिळते. तातडीचा प्रसंग नसेल, तर सरकारी दवाखान्याचे रेफरल पत्र लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपले गाव त्या यादीत आहे का, हे नेहमीप्रमाणे दोन राज्यांच्या वादात न अडकता थेट रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारावे. आधार, रेशन कार्ड आणि जन्मदाखल्यावर मुलाचे नाव तंतोतंत एकच असावे. कन्नडमधून मराठीत व इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलले की मंजुरी अडते. उपचारासाठी जाताना कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर व थर्ड एसीत पूर्ण आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो.

केमोथेरपीच्या काळात काखेतला ताप १०० अंशांच्या पुढे गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालयात जावे, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत गंभीर होतो. गावापासून सर्वांत जवळचे, रक्ततपासणी आणि शिरेतून प्रतिजैविके देण्याची सोय असलेले रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे आणि मुख्य केंद्राचा फोन क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहावा. डेक्सामेथासोन या मेंदूची सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडने मूल सारखे खायला मागते, चिडचिडते, तोंड सुजते. तरीही ती गोळी स्वतःहून अचानक बंद करू नये. लहान मेंदूतील गाठ काढल्यावर काही मुले काही दिवस किंवा आठवडे बोलायचीच बंद होतात. तो हट्ट नसतो, दृष्ट लागलेलीही नसते. अशा मुलाला बोलण्यासाठी रागवू नये आणि स्पीच थेरपी लवकर सुरू करावी.

घरी राहिलेल्या भावंडाला खरे कारण त्याच्या वयाला कळेल अशा भाषेत सांगावे, नाहीतर ते स्वतःलाच दोषी धरते. आईवडिलांपैकी कोणाला रात्र रात्र झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मोफत बोलता येते.

शाळेत परत पाठवताना मुख्याध्यापकांना डॉक्टरांचे पत्र द्यावे: पुढच्या बाकावर जागा, लिहायला जास्त वेळ, कमी गृहपाठ. रेडिएशननंतर वाचनाचा वेग आणि लक्ष दोन-तीन वर्षांनीही मंदावू शकते, म्हणून मार्क घसरल्यास आधी आळशीपणाचा शिक्का मारू नये. उंची, थायरॉइड आणि, सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध दिले असल्यास, श्रवण यांच्या तपासण्यांच्या तारखा फाइलमध्ये एमआरआयच्या तारखांशेजारीच लिहून ठेवाव्यात.