कॅम्परमध्ये गटाराचा वास? केमिकल ओतण्याआधी या चुका टाळा

मे महिन्याअखेरचा मेमोरियल डेचा लाँग वीकेंड आला की माझा फोन वाजतोच. टेक्सासमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात आता पाच-सहा घरांत कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, आलेत. मी नऊ वर्षं एक जुना चोवीस फुटी ट्रेलर ओढतोय, म्हणून मला जाणकार ठरवून टाकलंय. प्रश्न दर वर्षी तोच: "दादा, आत गटाराचा वास मारतोय. कुठलं केमिकल टाकू?"

वास कुठून येतोय, हे मात्र कुणीच सांगत नाही, कारण कुणी शोधलेलंच नसतं. संडासाच्या टाकीत टाकायचं निळं केमिकल दुप्पट ओतलं की गटाराच्या वासात च्युइंगमचा वास मिसळतो, बाकी काही होत नाही.

वास गटाराचाच आहे, असं धरून चालणं

सडक्या अंड्यासारखा वास आला आणि तो जमिनीलगत, शेगडीच्या बाजूला जास्त असेल, तर आधी गॅसचा विचार करा. कॅम्परची शेगडी प्रोपेन गॅसवर चालते, आणि प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. आपल्या घरच्या सिलिंडरसारखाच त्यातही गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन हे वासाचं रसायन मिसळलेलं असतं, आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. अशा वेळी एकाही बटणाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि सिलिंडर बाहेरून बंद करायचा.

दुसरा संशयित बॅटरी. साधी ॲसिडची बॅटरी जास्त चार्ज होऊन तापली की हुबेहूब असाच वास सोडते. तिसरा गीझर. वास फक्त गरम पाण्याच्या नळाला येत असेल, तर तुमच्या टाक्या निर्दोष आहेत. गीझरच्या टाकीतले जिवाणू आणि तिथला गंज रोखणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड यांचा तो उद्योग. गीझर रिकामा करून धुवा, रॉड बदला.

हे तिन्ही नसेल तरच पुढे वाचा.

संडासाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कॅम्परला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात: संडासाची ब्लॅक टँक आणि सिंक-शॉवरची ग्रे टँक. टाकी बाहेर रिकामी करायला प्रत्येकीला एक व्हॉल्व्ह असतो. कॅम्पग्राउंडवर थेट गटाराला होज जोडता आला की नव्या माणसाला आनंद होतो आणि तो दोन्ही व्हॉल्व्ह उघडून मोकळा होतो. आमच्या एका नागपूरकर मित्राने नेमकं हेच केलं. घरून काम होतं, म्हणून ऑगस्टमध्ये एकाच जागी पाच आठवडे मुक्काम. मी पहिल्याच दिवशी टोकलं, तर म्हणाला, "अबे, गटाराला जोडलंच आहे ना, मग बंद कायले करायचं?"

कारण पाणी वाहून जातं आणि बाकीचं मागे राहतं. कॅम्परचा संडास बहुतेक वेळा टाकीच्या बरोबर वर असतो, त्यामुळे सगळं एकाच जागी पडतं, साचतं आणि टेक्सासच्या उन्हात वाळतं. इथले लोक त्या ढिगाऱ्याला सरळ 'पिरॅमिड' म्हणतात. चौथ्या आठवड्यात फ्लशचं पेडल दाबलं की आतून भपकारा यायला लागला. पाचव्या आठवड्यात टॉर्च मारला तर ढिगाऱ्याचा शेंडा दिसत होता. तोपर्यंत पठ्ठ्याने तीन प्रकारची केमिकल्स ओतून झाली होती.

मग मी गेलो. व्हॉल्व्ह बंद केला, संडासातूनच टाकी पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरली आणि रात्रभर भिजत ठेवली. सकाळी सोडलं तर चहाच्या रंगाचं पाणी आलं, ऐवज आतच. बागेच्या नळीला फिरत्या तोंडाचा लांब दांडा लावला, तो संडासातून खाली घातला आणि फवारा मारून ढिगारा फोडला. परत भरलं, परत भिजवलं. दोन दिवसांत चार वेळा. होजच्या तोंडाला पारदर्शक एल्बो, म्हणजे वाकडा जोड, लावला होता. त्यातून स्वच्छ पाणी दिसेपर्यंत थांबायचं नाही, हा माझा नियम. दोन दिवस वहिनी कॅम्पग्राउंडच्या बाथरूमला जात होत्या आणि नवऱ्याशी बोलत नव्हत्या.

माझी पद्धत साधी आहे. ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद. टाकी दोन तृतीयांश भरली की एका दमात सोडायची, म्हणजे लोंढ्याबरोबर सगळं निघून जातं. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज आपोआप धुतला जातो. रिकाम्या टाकीत लगेच दोन-तीन गॅलन पाणी घालून ठेवायचं. पेडल दाबलं की मनात पाच आकडे मोजायचे. बादली-तांब्यात वाढलेल्या आपल्या लोकांचा हात इथे आखडतो. पाणी वाचवायचं तर भांडी घासताना वाचवा, या टाकीत नको.

ग्रेचा व्हॉल्व्हही बंदच ठेवा. नाहीतर कॅम्पग्राउंडच्या गटारातली हवा होजमधून उलटी तुमच्या टाकीत चढते.

पंखा चालू ठेवून पेडल दाबणं

वास येतो म्हणून लोक संडासातला छतावरचा पंखा लावतात, आणि मग वास वाढतो. पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो. त्याच वेळी तुम्ही पेडल दाबून संडासाच्या भांड्याच्या तळाची झडप उघडली की त्याला हवा मिळायची सगळ्यात सोपी वाट थेट टाकीतून. आधी झडप बंद, मग पंखा. किंवा निदान एक खिडकी उघडा.

किरकोळ, पण रोजच्या

रात्री संडासाच्या भांड्यात इंचभर पाणी सोडा. सकाळी ते गायब असेल तर झडपेचं रबर गेलंय. बदलण्याआधी चिंधीने कडा पुसून पाहा, बऱ्याचदा कागदाचा कपटा अडकलेला असतो. त्या रबराला व्हॅसलीन लावू नका. पेट्रोलियमने रबर खराब होतं, सिलिकॉन ग्रीस वापरा.

ट्रेलर महिनाभर उभा होता? मग ट्रॅपमधलं, म्हणजे सिंक-शॉवरखालच्या वाकड्या पाइपात थांबून वास अडवणारं, पाणी सुकलंय. पुण्यातला बंद फ्लॅट सहा महिन्यांनी उघडल्यावर नहाणीतून येतो तोच हा वास. दोन तांबे पाणी ओता, विषय संपला. शॉवरचा ट्रॅप मात्र हमखास विसरला जातो.

टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या छतावरच्या व्हेंट पाइपात गांधीलमाशीचं घर आहे का, ते पाहा. पाइप आणि छत यांच्यातली फटही बघा; ती सील केलेली नसेल तर टाकीचा वास छताच्या पोकळीतून आत उतरतो.

टाकीत बर्फ टाकून गाडी चालवली की टाकी घासून निघते म्हणे. बर्फ सरबतात घाला.

नाकावर फार भरवसा ठेवणं

ही चूक माझी स्वतःची. वासात दहा मिनिटं बसलं की नाक सरावतं आणि वास गेला असं वाटतं. अर्धा तास बाहेर फिरून यायचं, दार उघडायचं आणि पहिल्या दोन श्वासांत काय ते ठरवायचं. मला हे माहीत नव्हतं, म्हणून दुसऱ्या वर्षी मी तीन वीकेंड घालवले. संडासाचं रबर बदललं, मग अख्खा संडास उचलून खालचं गॅस्केट बदललं, मग छतावर चढलो. वास होता तिथेच. शेवटी धाकटा सिंकखालच्या कपाटात घरंगळलेला चेंडू काढायला वाकला आणि म्हणाला, "बाबा, इथे ई आहे."

कचऱ्याच्या डब्यामागे पाइपाच्या टोकावर एक काळं प्लॅस्टिकचं टोपण होतं, लहान वाटीएवढं. हा एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह. सिंकमधलं पाणी खाली जाताना मागून हवा मिळाली नाही तर ते ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. घरात त्यासाठी छतापर्यंत पाइप असतो. कॅम्परमध्ये छताला आणखी एक भोक नको म्हणून हे टोपण. आतला रबरी पडदा हवा आत घेतो, बाहेर जाऊ देत नाही. ऊन आणि रस्त्याचे धक्के खाऊन तो ताठर झाला की उघडाच राहतो, आणि ग्रे टँकची सगळी घाण हवा कपाटात येते. ग्रेला कमी लेखू नका. त्यात तेल आणि भाताची शितं कुजतात, तो वास संडासापेक्षा वाईट.

तपासायचं तर झोपण्यापूर्वी टोपणावर भांडी घासायचा हातमोजा चढवून रबरबँड लावा, कपाट बंद करा, सिंक वापरू नका. सकाळी कपाट उघडून वास घ्या. वास नसेल तर चोर सापडला. नवा व्हॉल्व्ह हार्डवेअरच्या दुकानात फार तर दहा-पंधरा डॉलरला मिळतो. जुना बहुतेक वेळा हातानेच उलटा फिरवून निघतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची आणि नवाही हातानेच बसवायचा. पान्याने आवळू नका, प्लॅस्टिकचे आटे आहेत. माझा पहिला नवा व्हॉल्व्ह तसाच गेला, म्हणून आता ड्रॉवरमध्ये एक जादा असतो.