१९९०चा ब्राउझर हाताने चालवून पाहा

१९९०च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत नेक्स्ट संगणकावर पहिला वेब सर्व्हर आणि ब्राउझर चालवला. ब्राउझर आणि सर्व्हर यांची आपसात बोलायची भाषा, एचटीटीपी, इतकी साधी होती की ती आजही हाताने टाइप करता येते.

टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. टेलनेट या प्रोग्रामने (तो टाइप केलेला मजकूर थेट दुसऱ्या संगणकाला पाठवतो) 'इन्फो डॉट सर्न डॉट सीएच'च्या पोर्ट ८०ला, म्हणजे वेबसाठी ठरलेल्या दाराला, जोडून घ्या. मग रोमन मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत गेट (GET), एक जागा, तिरकी रेघ, एंटर. एचटीटीपीच्या जुन्या ०.९ आवृत्तीची विनंती एवढीच! उत्तरात हेडर (पानाआधी येणारी माहिती) नाही, विनंती जमली की नाही हे सांगणारा स्थितीचा आकडा नाही. नुसतं एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर, येतं आणि जोडणी तुटते. पान संपल्याची तीच खूण.

आजचे बरेच सर्व्हर ही ओळ नाकारतात. तेव्हा रेघेनंतर जागा सोडून 'एचटीटीपी/१.१' लिहा, पुढच्या ओळीत होस्ट (Host) हा शब्द, अपूर्णविराम (कोलन) आणि साइटचं नाव. होस्ट राहिला तर ४०० हा चुकीच्या विनंतीचा आकडा येतो, कारण एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट असतात. शेवटी एंटर दोनदा. रिकामी ओळ मिळेपर्यंत सर्व्हर वाटच पाहत बसतो, आणि बहुतेकजण इथेच अडकतात. एचटीटीपीएसच्या पोर्ट ४४३वर हे जमत नाही, तिथे एन्क्रिप्शन आहे.