‘डोन्ट ईट माय हेड’: इंग्रजी वाक्प्रचार वापरताना या चुका टाळा

खानापूरहून रोज बसने बेळगावला क्लासला येणारी दहावीची एक मुलगी. संभाषणाच्या सरावात धाकट्या भावाला दटावायचं होतं. ती ठसक्यात म्हणाली, ‘डोन्ट ईट माय हेड!’ मी थांबवलं, तशी तिने विचारलं, ‘सर, आम्ही मराठीत डोकं खाऊ नको म्हणतो. शेजारच्या कन्नड घरात तली तिन्नब्याड म्हणतात. दोन्हीकडे चालतंय की, मग इंग्रजीत का नाही?’

तिच्या प्रश्नातच आपल्या भागातल्या चुकांचं मूळ आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरकडची मुलं दोन भाषांत वाढतात आणि मराठीतली म्हण कन्नडमध्ये नेताना त्यांना फारसं अडत नाही. आपण म्हणतो ‘नाचता येईना, अंगण वाकडं’. कन्नड माणूस म्हणतो ‘कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळु’, म्हणजे नाचता न येणारी म्हणाली की जमीनच वाकडी. नाच तोच, दोषही तोच. शेकडो वर्षांच्या शेजारामुळे शब्दाला शब्द ठेवला तरी भागतं. इंग्रजीत मात्र त्याच अर्थाला ना नाच आहे ना अंगण. तिथे वाईट कारागीर आपल्या हत्यारांना नावं ठेवतो: ‘अ बॅड वर्कमन ऑल्वेज ब्लेम्स हिज टूल्स’. इंग्रजीकडे जाताना शब्द सोडायचे आणि अर्थ न्यायचा. ‘ईट माय हेड’ भारतात कुणालाही कळेल, पण लंडनच्या माणसाला नाही. तिथे ‘स्टॉप पेस्टरिंग मी’ म्हणावं.

यापेक्षा घातक चूक म्हणजे शब्द जुळतात, अर्थ जुळत नाही. ‘पाय ओढणे’ आणि ‘पुल समवन्स लेग’ यांनी फसलेली बरीच मुलं मी पाहिली आहेत. माझा एक जुना विद्यार्थी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला गेला होता. आधीची नोकरी का सोडली, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, ‘माय कलीग्ज वेअर पुलिंग माय लेग.’ त्याला म्हणायचं होतं की सहकारी त्याला पुढे जाऊ देत नव्हते. समोरच्यांनी ऐकलं की सहकारी त्याची थट्टा करायचे, म्हणून याने नोकरी सोडली. इंग्रजीत पाय ओढणं म्हणजे निरुपद्रवी गंमत, खोटं सांगून क्षणभर फसवणं. आपल्याकडे पाय ओढणारा माणूस वाईटावर असतो. त्याने ‘दे वेअर होल्डिंग मी बॅक’ म्हटलं असतं तर गैरसमज झाला नसता. नेमकं काय चुकलं हे त्याला कुणी सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

काही जोड्या मात्र खरंच जुळतात. लोणी लावणे आणि ‘बटर अप’ यांत लोणीही तेच आणि खुशामतही तीच. अशा एखाद्या जोडीमुळे धीर येतो आणि पुढचे दहा वाक्प्रचार न तपासता वापरले जातात.

तिसरी चूक म्हणजे अर्थ बरोबर, पण प्रसंग चुकीचा. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे मुलं पाठ करतात आणि रजेच्या अर्जात लिहितात, ‘माय ग्रँडफादर किक्ड द बकेट’. हा शब्दप्रयोग हलक्याफुलक्या, कधी बेपर्वा बोलण्यातला आहे. आजोबा गेल्याचं सांगताना आपण ‘आटोपले’ म्हणू का? तिथे ‘पास्ड अवे’ हेच लिहावं. ‘ब्रेक अ लेग’, शब्दशः ‘पाय मोड’, याचंही तसंच. रंगमंचावर जाणाऱ्या नटाला शुभेच्छा देताना तो वापरतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने आपल्या गावागावांत पहाटे भरतीसाठी धावणारी मुलं दिसतात. 1.6 किलोमीटरच्या चाचणीला निघालेल्या मुलाला ‘ब्रेक अ लेग’ म्हणू नका. ‘गुड लक’ पुरे.

‘द बॉल इज इन युवर कोर्ट’मधलं कोर्ट टेनिसचं आहे. चेंडू तुमच्याकडे आला, आता निर्णय तुमचा, एवढाच अर्थ. आपल्याकडे कोर्ट म्हटलं की कचेरी आठवते आणि सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असल्याने हा शब्द घराघरात आहे. त्यामुळे मुलं या वाक्याचा अर्थ ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ असा लावतात.

निबंधात ‘इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ घातलं की गुण वाढतात, हाही एक समज. वाक्प्रचार चुकीचा नाही, पण आता जुनाट वाटतो. बोलताना लोक सरळ ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस पाहिलेल्या मुलाने ओढ्याला आलेलं पाणी, बंद पडलेली बस आणि भिजलेलं दप्तर साध्या इंग्रजीत लिहिलं, तर मी त्याला जास्त गुण देईन.

इंग्रजी वाक्प्रचारातले शब्द बदलू नका, वचनही बदलू नका. ‘स्पिल द बीन्स’मधल्या बिया अनेकच. एक बी सांडली तर गुपित फुटत नाही.

मग शिकायचं कसं? पाठांतराच्या याद्या बाजूला ठेवा. एका वहीत वाक्प्रचार लिहा, तो कोण कुणाला कधी म्हणेल हे लिहा, आणि शेजारी अर्थाने जुळणारी मराठी म्हण लिहा. शब्दशः भाषांतर लिहू नका. ‘वन्स इन अ ब्लू मून’समोर ‘निळ्या चंद्रात एकदा’ लिहून हाती काही लागत नाही. ‘कपिलाषष्ठीचा योग’ लिहिलं की कायमचं लक्षात राहतं. शिवाय ‘ब्लू मून’चं गणित आपल्या ओळखीचं आहे. पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते, म्हणून सुमारे अडीच वर्षांतून एकदा एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा येतात. त्यांतल्या दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात. चंद्राच्या आणि सूर्याच्या वर्षांचा मेळ बसत नाही, म्हणून आपल्याकडे अधिक महिना येतो. दोन्हींच्या मुळाशी तोच फरक आहे.

खानापूरच्या त्या मुलीने वहीत आणखी एक रकाना आखला, कन्नडचा. पहिल्या ओळीत तिने लिहिलं: मराठीत अंगण, कन्नडमध्ये नेल, इंग्रजीत टूल्स. खाली दुसऱ्या ओळीत ‘डोकं’ आणि ‘तली’ लिहून झालं होतं. इंग्रजीच्या घरात ‘हेड’ लिहून खोडलेलं होतं आणि पुढे ‘पेस्टर’.