श्रीलंकेत सफारीला जाताय? मग या चुका टाळा

श्रीलंकेतल्या मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानात तलावाकाठी आमची जीप थांबली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. समोर साठ-सत्तर हत्ती चरत होते. सोंडेने गवताची जुडी उपटायची, पुढच्या पायावर आपटून माती झाडायची आणि मग तोंडात घालायची, असं शांतपणे चाललं होतं. कळपाच्या कडेला एक हत्तीण आणि तिच्या पोटाखाली उभं असलेलं पिल्लू. दहा मिनिटांत त्या दोघांच्या तीन बाजूंना सात जीप झाल्या. हत्तिणीने चरणं थांबवलं. कान पसरले, शेपूट ताठ झाली, पुढच्या पायाने ती धूळ उडवायला लागली. तरी आमच्याच जीपमधून आवाज आला, "भाऊ, अजून थोडं पुढे घ्या ना, फोटोत पिल्लू येत नाहीये."

त्या दिवशी मी गप्प बसले, याची आजही बोच आहे. त्यानंतर आईला घेऊन, मैत्रिणींबरोबर, भाच्यांना घेऊन तीन वेळा श्रीलंकेत गेले आणि एक गोष्ट पक्की कळली. सफारी जंगलात बिघडत नाही, ती आदल्या दिवशीच बिघडलेली असते. तारीख ठरवताना, जीप ठरवताना, चालकाशी पहिलं वाक्य बोलताना. आणि ज्या घाईने जनावराला त्रास होतो, त्याच घाईने आपली कंबरही मोडते.

आपली सुट्टी बघून पार्क ठरवणं

श्रीलंका महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी, पण पाऊस दोन वेळा आणि दोन वेगळ्या बाजूंना पडतो. मे ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मान्सून कोलंबो, गॉल या बाजूला झोडपतो. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीतला ईशान्य मान्सून उत्तर आणि पूर्वेला भिजवतो. बहुतेक मोठे सफारी पार्क कोरड्या पट्ट्यात आहेत. त्यामुळे "मे महिन्यात कोलंबोत पाऊस, म्हणजे सफारी गेली" हा हिशोब चुकतो, आणि "नाताळच्या सुट्टीत हवा छान, म्हणजे प्राणी दिसणार" हाही चुकतो. डिसेंबरात जागोजागी पाणी असतं, झाडी दाट असते आणि जनावर पाणवठ्यावर यायची गरजच नसते.

आपल्या सुट्ट्यांच्या हिशोबाने सांगते. मे-जूनमध्ये दक्षिणेकडचा याला राष्ट्रीय उद्यान उत्तम. पाणी आटत आलेलं असतं आणि जून-जुलैला पालूची फळं पिकतात. पालू म्हणजे आपली खिरणी, काही भागांत रांजण म्हणतात तीच. त्या फळांसाठी अस्वलं चक्क झाडावर चढून बसतात. एरवी अस्वल दिसणं नशिबाची गोष्ट, त्या दिवसांत शक्यता बरीच वाढते. गणपतीच्या आसपास जाणार असाल तर यालाची तिकिटं काढण्याआधी थांबा. कोरड्या ऋतूच्या शेवटी, साधारण 1 सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तिथला मुख्य भाग बहुधा बंद ठेवतात. ते दिवस मिन्नेरियाचे. दिवाळीत पावसाच्या सरी धरून चला आणि हत्तींसाठी उडवलवे राष्ट्रीय उद्यानात जा, तिथे ते वर्षभर असतात.

आणखी एक तारीख तपासा, ती म्हणजे पौर्णिमा. तिथे प्रत्येक पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते आणि स्थानिक कुटुंबं मोठ्या संख्येने पार्कमध्ये येतात. पोयाला लागून शनिवार-रविवार आला की गेटवर जत्राच. यालाजवळच्या कतरगामला 'एसल' महिन्यात कार्तिकेयाचा मोठा उत्सव भरतो. एसल म्हणजे आपला आषाढ. त्या उत्सवासाठी उत्तरेतल्या जाफनापासून भाविक पायी निघतात आणि कुमना व यालाच्या जंगलातून चालत कतरगामला पोचतात. वारी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल. दर्शनाला जरूर जा, पण निवांत सफारीसाठी तो आठवडा नव्हे.

"बिबट्या दाखवाच"

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. इतर चुकांनी आपलं नुकसान होतं, हिने जनावराचं होतं.

श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही. बिबट्या हाच तिथला जमिनीवरचा सर्वांत मोठा शिकारी. त्याला कुणाची भीती नसल्याने तो दिवसाही खडकावर आरामात पहुडलेला दिसतो. आपल्याकडे वाघाच्या इलाख्यात अंग चोरून वावरणारा बिबट्या पाहिलेल्यांना हे नवल वाटतं. यालाच्या 979 चौरस किलोमीटरपैकी पर्यटकांची झुंबड असते ती साधारण 141 चौरस किलोमीटरच्या ब्लॉक 1 मध्ये, कारण तिथे बिबट्यांची घनता फार मोठी आहे. एका जीपला बिबट्या दिसला की चालक फोनवर बाकीच्यांना कळवतो आणि अरुंद मातीच्या रस्त्यावर वीस-पंचवीस जीप एकमेकींना घासत धावत सुटतात. धुरळ्यात कुणाला काही दिसत नाही. मागच्या बाकावरची माणसं छताला आपटतात. रस्ता ओलांडायला निघालेला बिबट्या मागे फिरतो.

चालकाला दोष देणं सोपं आहे. पण त्याला बक्षिशी कशावर मिळते? बिबट्या दिसला तर हजार, नाही दिसला तर तोंड वाकडं. मग तो गाडी पळवणारच. म्हणून आदल्या संध्याकाळी, पैसे ठरवतानाच स्पष्ट सांगा: "आम्हाला घाई नाही. बिबट्या नाही दिसला तरी चालेल. बक्षिशी ठरलेली आहे, ती मिळणारच." मी हे वाक्य पहिल्यांदा बोलले तेव्हा चालकाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला गर्दीकडे नेलंच नाही. एका पाणवठ्याशी इंजिन बंद करून पाऊण तास बसलो. मगर, रंगीत करकोचे, पाण्यात बसकण मारलेल्या रानम्हशी, आणि डोक्यावर गरागरा फिरणारा सर्पगरुड. आई तर म्हणाली, "आज पहिल्यांदा जंगलाचा आवाज ऐकला."

दोन सिंहली शब्द पाठ करून जा. 'हेमिन् यन्न' म्हणजे हळू चला. आणि चालकाला हाक मारायची ती 'मल्ली' म्हणजे धाकटा भाऊ, किंवा वयाने मोठा असेल तर 'अय्या', म्हणजे दादा. "अय्या, हेमिन् यन्न" म्हटल्यावर वेग कमी न करणारा चालक मला अजून भेटलेला नाही.

फक्त यालाच

बिबट्या बघायचाच असेल आणि गर्दी नको असेल तर वायव्येकडचा विल्पत्तू बघा. 1,317 चौरस किलोमीटर, देशातला सर्वांत मोठा राष्ट्रीय उद्यान. यादवी युद्धाच्या काळात तो अनेक वर्षं बंद होता, 2010 मध्ये पुन्हा उघडला. जंगलात 'विल्लू' नावाची पावसाच्या पाण्याची नैसर्गिक तळी आहेत आणि वाटा सावलीच्या. दर्शन कमी होतं, पण झालंच तर बहुतेक वेळा आपली एकच जीप असते. मी तरी यालाच्या दोन सफारींऐवजी एक यालाची आणि एक विल्पत्तूची असंच सुचवीन.

मिन्नेरियाची गोष्ट वेगळी. हा तलाव तिसऱ्या शतकात राजा महासेनाने बांधला. तिथल्या कोरड्या ऋतूत पाणी ओसरलं की तळाच्या ओल्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या रानातले हत्ती त्यासाठी उतरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात दोनशे-तीनशे हत्ती एकत्र दिसल्याच्या नोंदी आहेत. पण सगळं त्या गवतावर अवलंबून. अलीकडच्या काही वर्षांत वरच्या धरणाचं पाणी आल्याने तलाव कोरड्या दिवसांतही भरलेला राहतो, गवत बुडतं आणि हत्ती जवळच्या कौडुल्लाला किंवा हुरुलूच्या रानात जातात. त्यामुळे घरबसल्या "मिन्नेरियाच हवं" म्हणून पैसे भरून टाकू नका. हबरनाला मुक्काम करा, सकाळी स्थानिक चालकांना "आज हत्ती कुठे आहेत?" विचारा आणि दुपारी तिकडे जा. तिन्ही जागा तिथून जवळ आहेत. आणि सुळ्यांची वाट बघत बसू नका. श्रीलंकेत दहांतल्या एका नरालाही सुळे नसतात.

लांबून धावत येणं, आणि अंगाची हेळसांड

एला, गॉल किंवा मिरिस्साला राहून एका दिवसात याला 'उरकायचा' बेत आखू नका. पहाटे तीनला उठायचं, अडीच तास गाडीत, मग चार तास जीपचे दणके, मग परत अडीच तास. गेट सकाळी सहाला उघडतं, रांग त्याआधीच लागते. आदल्या रात्री तिस्समहारामला राहिलात तर पाच तास झोप तरी मिळेल. उडवलवेसाठी एम्बिलिपिटिय, विल्पत्तूसाठी हुनुविलगामच्या गेटजवळ.

जीपमध्ये बसण्याची जागा आधी ठरवा. या जीप म्हणजे बऱ्याचदा पिकअपवर चढवलेले उंच बाक. मागची रांग चाकांच्या वर येते आणि प्रत्येक खड्डा मणक्यात जातो. ज्येष्ठ माणसं आणि कंबरदुखीवाल्यांना पुढच्या किंवा मधल्या रांगेत बसवा आणि सहापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. चढायला लोखंडी पायरी उंच असते. आईसाठी आम्ही हॉटेलमधून प्लास्टिकचं स्टूल मागून घेतलं, त्याचा केवढा उपयोग झाला! धुळीसाठी सुती पंचा किंवा ओढणी, कॅमेऱ्याला उशीचा अभ्रा. शौचालयाला जाऊनच निघा, आत सोय जवळजवळ नाही. पूर्ण दिवसाची सफारी लहान मुलांबरोबर घेऊ नका. अकरा ते तीन प्राणीही सावलीत असतात आणि पोरं कंटाळून आरडाओरडा करतात.

शाकाहारी मंडळींसाठी: डब्यात पोळ सांबोल (खोबऱ्याची तिखट चटणी) दिलं असेल तर विचारा. त्यात बहुधा सुक्या मासळीचा चुरा असतो.

खाऊ घालणं, पाठीवर बसणं

उडवलवेच्या कुंपणाजवळच्या रस्त्यावर फळं विकणारे दिसतील. तारेपलीकडे हत्ती सोंड पुढे करून उभा असतो. केळं द्यायचा मोह होतो, मुलं हट्ट करतात. देऊ नका. रस्त्याला सवकलेला हत्ती पुढे वाहनं अडवतो, माणसं जखमी होतात आणि मग त्या हत्तीलाच 'त्रासदायक' ठरवून हलवतात. बुत्तल ते कतरगाम रस्त्यावर गाड्या थांबवणारे हत्ती असेच तयार झाले. तिथे काचा वर करा, अंतर ठेवा, खाणं हाती धरू नका.

हत्तीवरची सैर आणि साखळीतल्या हत्तीला आंघोळ घालण्याचे कार्यक्रमही टाळा. मुलांना पिल्लं जवळून दाखवायची असतील तर उडवलवेचं एलिफंट ट्रान्झिट होम आहे. वन्यजीव खात्याने ते 1995 मध्ये सुरू केलं. आई गमावलेली पिल्लं तिथे वाढवतात आणि मोठी झाली की जंगलात सोडतात. ठराविक वेळांना दूध पाजताना लांबच्या ओट्यावरून बघता येतं, हात लावू देत नाहीत. माझा भाचा रुसला, "हात का नाही लावायचा?" दूध संपल्यावर सगळी पिल्लं एकमेकांना ढकलत रानाकडे पळाली, तेव्हा त्याचं त्यालाच उत्तर मिळालं.

ऐनवेळी अडलं तर

चालक ऐकत नसेल तर भांडू नका. "आम्हाला परत गेटला सोडा" एवढंच सांगा, गाडीचा नंबर टिपून ठेवा आणि गेटवरच्या वन्यजीव खात्याच्या कार्यालयात तक्रार लिहून द्या. बऱ्याच जीपमध्ये चालक एकटाच असतो. खात्याचा माणूस सोबत मिळतो का, हे तिकीट काढतानाच विचारा.

हत्ती रस्ता अडवून उभा राहिला तर इंजिनाचा आवाज वाढवू नका, हॉर्न नको, उभं राहून फोटो नको. मागे जायला वाट मोकळी आहे ना हे आधी बघा. तो सोंड हलवत चरत असेल तर थांबा. कान पसरून एकटक बघायला लागला तर चालकाला मागे घ्यायला सांगा. पाऊस आला तर परत फिरायची घाई करू नका. सर थांबल्यावर मोर झाडाच्या शेंड्यावर येऊन पिसं वाळवतात.

पैशांचा गोंधळ टाळायचा तर जीप ठरवताना विचारा: प्रवेश तिकीट, सेवा शुल्क, कर, सगळं धरून किती? परदेशी पर्यटकांचा दर वेगळा असतो आणि त्यावर इतर आकार लागतात. पासपोर्ट जवळ ठेवा.

मिन्नेरियाला मी पुन्हा गेले ते मागच्या सप्टेंबरात. तशाच एका हत्तिणीच्या आणि पिल्लाच्या भोवती जीप जमायला लागल्या. या वेळी मी चालकाच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "अय्या, मागे घ्या." तो आधी हसला, मग शंभरेक पावलं मागे येऊन थांबला. आमच्या मागची जीपही वळली. पाच मिनिटांनी पिल्लू आईच्या पोटाखालून बाहेर आलं, गवताची एक काडी सोंडेत धरायला बघत होतं, ती पुन्हा पुन्हा सुटत होती.