कबड्डीच्या मॅचला बसून स्केच कसं काढायचं

भातकापणी उरकली की आमच्या सिंधुदुर्गात कुठल्या ना कुठल्या वाडीत मळ्यात हॅलोजन लागतोच आणि कबड्डी सुरू होते. चालती-फिरती माणसं काढायला शिकायचंय ना, मग क्लासची फी वाचवा आणि तिथे जाऊन बसा.

सामान म्हणजे पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, पॅड आणि कोळसा. चुलीतल्या लाकडाचा चालतो, करवंटीचा नको, टणक असतो, कागद फाटतो. खोडरबर घरी ठेवा.

बसायचं शेवटच्या रेषेमागे, आणि शक्यतो हॅलोजन समोरून येईल असं. माणूस नुसता काळाकुट्ट आकार दिसतो, नाक-डोळे काही कळत नाहीत, तेच बरं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रेडरची मिशी काढत बसलो, तोवर तो आउट होऊन बाहेर, आणि शेजारचे काका कागदात डोकावून विचारतात, "ह्यो पाय की माड रे?"

चढाई ३० सेकंदांची असते, तोच तुमचा टायमर. एक चढाई, एक चित्र, अर्धवट राहिलं तरी पान उलटा.

आधी बोटाच्या टोकापासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत एकच रेघ मारा. मग रेडरच्या गळ्यातल्या खड्ड्यातून मनातल्या मनात ओळंबा सोडा, गवंडी सोडतो तसा. तो पायावर पडला तर गडी तोललेला आहे, जसं बोनस पॉइंट घ्यायला एक पाय उचलतो तेव्हा सगळं वजन दुसऱ्यावर असतं. ओळंबा पायांच्या बाहेर गेला की समजायचं आता हा एकतर झेपावणार नाहीतर पडणार. ही एक गोष्ट बरोबर आली ना, की हातपाय चुकले तरी चित्र पळतं. जुने युरोपियन चित्रकार पळणारा घोडा चारी पाय ताणून हवेत काढायचे, १८७८ मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरच्या फोटोंनी दाखवलं की चारी पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, पण बघायला ती चुकीची चित्रंच जास्त वेगवान वाटतात, आता बोला!

पकड झाली की हात मोजू नका. सगळ्यांचा मिळून एक ढीग काढा आणि त्यातून मध्यरेषेकडे जाणारा एक हात, बस.

(१९१२ ते १९४८ ऑलिम्पिकमध्ये खेळावरच्या चित्रांनाही मेडल होतं. आपण उशिरा जन्मलो.)

मॅच नसेल तेव्हा सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे दोरीने किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघा. दोरीला रेललेल्या माणसांचा ओळंबा पायांच्या पार मागे पडतो, तरी कोणी पडत नाही कारण दोरी धरून ठेवते, त्यामुळे दोरी ताठ काढा, सैल काढली की सगळे उताणे पडल्यासारखे दिसतात. आणि पिशवी न्या, ओढायला हात लावलात तर थोडी मासळी पण मिळते.