मेलबॉक्स हलवताना लॉगची ड्राइव्ह भरली तेव्हा

बडोद्यात आमच्या ऑफिसात जुन्या एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टची ईमेल यंत्रणा) सर्व्हरवरून नव्यावर मेलबॉक्स हलवायचं काम चालू होतं. दुपारी लॉगची, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींची, ड्राइव्ह भरत येऊन लाल झाली. फोल्डर उघडलं तर ई०० ने सुरू होणाऱ्या, प्रत्येकी बरोबर १ एमबीच्या फाइलींची न संपणारी रांग.

नव्या डेटाबेसमध्ये येणारा प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो. म्हणजे १० जीबीचा मेलबॉक्स आणला की साधारण तेवढेच, कधी जास्तही, लॉग तयार होतात आणि बॅकअप होईपर्यंत पडून राहतात. ड्राइव्ह पुरती भरली की डेटाबेस डिसमाउंट, म्हणजे बंद, आणि सगळ्यांची मेल बंद.

शेजारचे काका म्हणाले, "अरे, जुन्या फाइली उडवून टाक की!" नाही काका, हे कधीच करायचं नाही. डेटाबेसला हवा असलेला एक लॉग जरी गेला, तर डर्टी शटडाउननंतर (नीट बंद न होता थांबल्यावर) डेटाबेस माउंटच होत नाही, म्हणजे पुन्हा चालू होत नाही.

मेलबॉक्सची पुढची बॅच थांबवली आणि एक्सचेंज ओळखणारा फुल बॅकअप घेतला. तो पूर्ण होताच लॉग आपोआप साफ झाले. मग रात्री सर्क्युलर लॉगिंग चालू केलं, म्हणजे बॅकअपची वाट न पाहता नको असलेले जुने लॉग आपोआप जातात. आमचा सर्व्हर एकटाच, डॅग (डेटाबेसच्या प्रती ठेवणारा सर्व्हरांचा गट) नाही, म्हणून डेटाबेस डिसमाउंट करून पुन्हा माउंट करावा लागला. सर्क्युलर लॉगिंग चालू असताना शेवटच्या बॅकअपपुढचं काही लॉगमधून परत आणता येत नाही, त्यामुळे काम संपल्याबरोबर ते बंद केलं आणि लगेच पुन्हा फुल बॅकअप घेतला.

जुन्या सर्व्हरवर जागा सुटली नाही म्हणून घाबरू नका. मेलबॉक्स गेले तरी तिथली ईडीबी फाइल, म्हणजे डेटाबेसची मूळ फाइल, लहान होत नाही.