आयरिश नाव ठेवताय? आधी कानांनी निवडा

आयर्लंडमध्ये राहताय आणि बाळाला तिथलंच नाव द्यायचंय? मग छापील यादीवरून ठरवू नका, नाव आधी ऐका. आयरिश स्पेलिंगचा हिशोब इंग्रजीहून निराळा आहे. 'बी' किंवा 'एम'पुढे 'एच' आला की उच्चार बहुधा 'व' होतो, आणि 'आय' किंवा 'ई'ला लागून असलेला 'एस' म्हणजे 'श'. म्हणून एन-आय-ए-एम-एच हे 'नीव'! एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

त्यातही प्रांताप्रमाणे फरक असतो. दक्षिणेकडची 'कीवा' उत्तरेत 'क्वीवा' होते. 'सीर्शा'ला (अर्थ स्वातंत्र्य) काही जण 'सर्शा' म्हणतात. तुमच्या घरात कोणता उच्चार चालणार ते आधीच ठरवा आणि देवनागरीत लिहून गावाकडच्या आजीला पाठवा. तिला सहज हाक मारता आली पाहिजे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

स्वरावरच्या तिरक्या रेघेला 'फादा' म्हणतात. ती शोभेची नाही. 'शॉन'मधली रेघ गेली तर उरतो 'शॅन', म्हणजे म्हातारा! जन्मनोंदणीच्या फॉर्मवर ती नीट उमटली का, सही करण्याआधी बघा. पासपोर्टच्या तळाशी यंत्रासाठी छापलेल्या ओळींत मात्र ती नसते, तिथे घाबरू नका.

दोन्हीकडे रुळेल असं हवं असेल तर 'तारा' घ्या. मीथ परगण्यात प्राचीन आयरिश राजांची टेकडी याच नावाची आहे. इंग्रजीत तिला 'टारा' म्हणतात, घरी आपली तारा. किंवा 'रोशीन', म्हणजे इवलासा गुलाब.